वडिलांकडून मुलाकडे

जाहिरात कंपनीने नव्या घड्याळासाठी सुचवलेलं वाक्य ‘वडिलांकडून मुलाकडे’ असं होतं, आणि ते ऐकून घरात फक्त वहिनी हसल्या. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात एकट्या होत्या, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून वडिलांकडून मुलाकडे काही गेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सर्दी सोडून.

त्याआधीही कधी गेलं नव्हतं. बाजारातल्या मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करता करता ज्यांनी हा धंदा उभा केला, त्या आप्पांच्या आजोबांनी तिजोरीची किल्ली शेवटपर्यंत कमरेला ठेवली. त्यांच्या मुलाने ती काढून घेतली ती अंत्ययात्रा निघायच्या आधी, कारण त्या दिवशी कामगारांचे पगार व्हायचे होते. या मुलाने पुढे आपल्या मुलाला, म्हणजे आप्पांना, किल्ली कुठे असते हेदेखील सांगितलं नाही. वडील गेल्यावर आप्पांना तिजोरी फोडावी लागली. कंपनीच्या माहितीपत्रकात याला ‘तिसऱ्या पिढीचं आगमन’ असं म्हटलेलं आहे.

आप्पा आले ते ठाण मांडून बसले. बॅटरीवरची घड्याळं बाजारात आली आणि त्या रस्त्यावरचे बाकीचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तेव्हा आप्पांनी किंमत कमी करायच्या ऐवजी दुप्पट केली. लोकांना वाटलं, यांना काहीतरी ठाऊक असणार. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. पण घड्याळं खपली, आणि तेव्हापासून ती वेळ बघणाऱ्यांची न राहता श्रीमंतांची झाली.

आता आप्पांची पंच्याऐंशी उलटली होती. त्यांचा मुलगा, घरातले दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, साठी ओलांडून बसले होते आणि कारखान्यात त्यांना अजून ‘छोटे साहेब’ म्हणत. तसं म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण दादा कामाला लागले तेव्हा जन्मलेदेखील नव्हते. कंपनी दादांच्या नावावर करून देण्याची सगळी तयारी वकिलाने केव्हाच करून ठेवली होती, फक्त आप्पांची सही राहिली होती. सहीचा विषय निघाला की आप्पा म्हणत, ‘बघू.’ याचा अर्थ ‘नाही’ असा नव्हता. नाही म्हणायला आप्पा कधी कचरले नव्हते. याचा अर्थ ‘मी अजून आहे’ असा होता.

जाहिरातीचं ठरलं तेव्हा मात्र ते एक पायरी पुढे गेले. ‘फोटो होऊ दे. मग तिथेच बसून करू काय ते,’ असं म्हणाले. दादांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

फोटोसाठी वरच्या मजल्यावरची जुळणीची खोली ठरली होती. सगळी भिंतभर खिडकी, खिडकीखाली छातीपर्यंत येणारी टेबलं, आणि टेबलांना पुढे लावलेल्या कातडी झोळ्या, हातातून सुटलेला स्क्रू जमिनीवर जाऊ नये म्हणून. जुळणीवाल्यांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. खालच्या मजल्यावर कार्यालय आणि तपासणी चालू होती.

जाहिरातवाल्या बाई तरुण होत्या आणि त्यांनी तयारी करून आल्याचं सगळ्यांना सांगितलं. त्यांची पहिली कल्पना अशी होती की घरातल्या प्रत्येकाच्या मनगटाचा आधी एकेक फोटो घ्यावा.

“सर, तुमच्या हातावर कोणतं आहे?” त्यांनी आप्पांना विचारलं.

“कुठलंच नाही.”

“म्हणजे आज घातलं नाहीत?”

“कधीच घातलं नाही. जन्मभर लोकांची घड्याळं बघितली. माझ्या हातावर आणखी एक कशाला?”

बाईंनी मान हलवली आणि त्या दादांकडे वळल्या. दादांच्या हातावर कंपनीचंच घड्याळ होतं, जुनं, सोन्याच्या कडेचं. बाईंना बरं वाटलं.

“हे तुम्हाला आप्पासाहेबांनी दिलं असणार.”

“मी विकत घेतलं,” दादा म्हणाले. “कामगारांना सवलत असते. पगारातून कापून घेतात.”

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. व्यापाऱ्यांच्या जेवणात ते हाच किस्सा सांगत आणि तिथे लोक हसत. इथे फक्त फोटोग्राफर हसला, आणि तोही इतर कोणी हसत नाही हे बघून थांबला.

उरल्या ताई. ताई म्हणजे दादांची धाकटी बहीण. त्यांचं लग्न झालं होतं आणि टिकलं नव्हतं, त्यावर या घरात मागेच पुरेसं बोलून झालेलं आहे. त्यानंतर त्या खालच्या तपासणीच्या खोलीत जाऊन बसल्या त्या तिथल्याच झाल्या. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक घड्याळ आधी त्यांच्या टेबलावर काही आठवडे राहायचं. उताणं, पालथं, कुशीवर, गरम पेटीत, थंड पेटीत. ताईंनी हो म्हटलं की जायचं. नवीन घड्याळाचा पहिला नग त्यांनी त्या सकाळीच पास केला होता आणि दुसऱ्या कोणाच्या हाती न देता स्वतःच वर आणला होता.

त्यांच्या मनगटावर प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं बॅटरीचं घड्याळ होतं. बाईंनी ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“हे... असंच?”

“बाकीची बरोबर चालतात की नाही, ते कशावरून ठरवणार?” ताई म्हणाल्या.

“फोटोपुरतं काढून ठेवाल का?”

“मी फोटोत आहे का?”

बाईंनी हातातला कागद चाळला. वडील होते, मुलगा होता, मागे नातू होता. “नाही,” त्या म्हणाल्या.

“मग राहू दे.”

मनगटांचे फोटो काढायची कल्पना तिथेच सोडून देण्यात आली.

नातू सगळ्यात शेवटी आला. जिन्याने आला. कारखान्यात लिफ्ट होती, पण तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि ही लिफ्ट त्याने आतून पाहिलेली होती. काही वर्षांपूर्वी जेवताना तो म्हणाला होता की आपलं घड्याळ कोणी वेळ बघायला घेत नाही, आणि मला कोणाला तरी उपयोग होईल असं काहीतरी करायचंय. तेव्हापासून आप्पा त्याला ‘लिफ्टवाला’ म्हणत, आणि दादा त्याच्याशी जे बोलायचं ते त्याच्या आईमार्फत बोलत. आजही तसंच झालं.

“त्याला म्हणावं, कोट घाल,” दादा वहिनींना म्हणाले. नातू चार पावलांवर उभा होता.

“घालतो,” नातू आईला म्हणाला.

फोटोग्राफर मध्यम वयाचा, पुदिन्याच्या गोळ्या चघळणारा माणूस होता. त्याने आप्पांना खुर्चीत बसवलं, दादांना शेजारी उभं केलं, नातवाला मागे, जरा अंधारात.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “घड्याळ आप्पांच्या हातात. आप्पा ते देतात, दादा घेतात. मला तो मधला क्षण हवाय. दिलंय आणि घेतलंय, असा.”

ताईंनी घड्याळ आप्पांच्या हातात ठेवलं. आप्पांनी ते दादांपुढे धरलं. दादांनी हात पुढे केला. कॅमेरा वाजला.

फोटोग्राफरने पडद्यावर पाहिलं. “परत एकदा. आप्पा, या वेळी सोडा.”

“सोडलं की.”

“नाही सोडलंत.”

“मला कळत नाही का, मी काय सोडलं आणि काय नाही?”

फोटोग्राफरने कॅमेरा त्यांच्यासमोर आणला. पडद्यावर घड्याळाचा पट्टा दादांच्या तळहातावर होता आणि त्या पट्ट्यावर आप्पांची दोन बोटं पक्की होती. नखं पांढरी पडली होती.

“हा माझा हात आहे?”

“हो.”

“मग कॅमेरा लवकर चालतोय,” आप्पा म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटत होतं. दर वेळी ते मनात म्हणत, हे सोडलं. आणि दर वेळी पडद्यावर ती बोटं तिथेच असत. या बोटांनी त्यांनी केसाहून बारीक स्प्रिंगा धरल्या होत्या आणि जिथे सोडायच्या तिथेच सोडल्या होत्या. आता ती सांगितलेलं ऐकत नाहीत हे त्यांना वर्षभर माहीत होतं, सकाळी सदऱ्याची बटणं लावताना. पण ऐकत नाहीत ती थरथरतात म्हणून, असा त्यांचा समज होता. या क्षणी ती अजिबात थरथरत नव्हती.

त्यानंतर बराच वेळ आप्पा घड्याळ देत राहिले आणि परत घेत राहिले. फोटोग्राफरने दिवा हलवला, खुर्ची हलवली, आप्पांना दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. एकदा दादांनी घड्याळ अगदी किंचित आपल्याकडे घेतलं.

“ओढू नका,” फोटोग्राफर म्हणाला.

“मी ओढलं नाही.”

“ओढलंस,” आप्पा म्हणाले.

पडद्यावर ते दोघे एकाच वस्तूवर नजर पडलेल्या दोन गिऱ्हाइकांसारखे दिसत होते.

वहिनी भिंतीशी उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या. दादांचा पुढे केलेला हात तसाच होता, तळहात वर. साठी ओलांडलेला माणूस असा हात पसरून उभा आहे, आणि त्याला परत परत सांगितलं जातंय की अजून थोडा पुढे करा. वहिनींनी नजर खिडकीबाहेर नेली. समोरच्या इमारतीत कोणीतरी काच पुसत होतं. त्या ते बघत राहिल्या.

“मी एक सुचवू का?” जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या. “आपण नातवाला घेऊन बघू. आजोबांकडून नातवाकडे. वाक्य थोडं बदलता येईल.”

“मी फक्त मागे उभा राहणार होतो,” नातू म्हणाला.

“एकच घेऊ. नाही जमलं तर राहिलं.”

नातवाने वडिलांकडे पाहिलं. दादा आधीच बाजूला झाले होते. त्यांनी हातानेच, ये, अशी खूण केली, एखाद्या गिऱ्हाइकाला दार दाखवावं तशी.

नातू पुढे आला, त्याने हात पुढे केला. आप्पांनी घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं, त्याची बोटं मिटवली आणि मिटलेल्या मुठीवर थोपटलं. कॅमेरा वाजला. एकदाच.

“झालं,” फोटोग्राफर म्हणाला. त्याला दुसरा घ्यायची गरज वाटली नाही.

“हेच,” बाई म्हणाल्या. “मला हेच हवं होतं.”

ताईंनी पुढे होऊन नातवाच्या मुठीतून घड्याळ काढून घेतलं आणि फडक्याने काच पुसू लागल्या. काच स्वच्छ होती. दादांनी कोटाची बटणं लावली.

“चांगला आला ना? बरं झालं,” ते म्हणाले. “मी जरा खाली बघून येतो.” आणि ते गेले. थोड्या वेळाने, कोणी न सांगता, नातूही गेला.

दादा खाली गेले नव्हते. ते जिन्याच्या मधल्या वळणावर, चांगल्या कोटासकट पायरीवर बसले होते. नातू दोन पायऱ्या वर थांबला. आई तिथे नव्हती, त्यामुळे सरळच बोलावं लागणार होतं.

“बाबा, मला माहीत नव्हतं ते असं करतील.”

“असं म्हणजे कसं? फोटो चांगला आला.”

“मी तिथे यायलाच नको होतं.”

“मीच बोलावलं तुला. आईला सांगून.” दादांनी जरा सरकून जागा केली. नातू शेजारी बसला. जिना अरुंद होता, दोघांचे खांदे टेकले.

“तुला तिथे बरं वाटतं?” दादांनी विचारलं.

“कुठे?”

“कामावर.”

नातवाने विचार केला. वडिलांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. “लिफ्ट बंद पडली की लोक चिडतात. सुरू करून दिली की आत शिरतात आणि निघून जातात. कोणी वळूनही बघत नाही.”

“आणि ते बरं वाटतं?”

“हो.”

दादांनी मान डोलावली, हे आपल्याला समजलं असं. नंतर म्हणाले, “तुमच्याकडे निवृत्ती कधी असते?”

“साठीला. त्यानंतर लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरू देत नाहीत.”

“आपल्याकडेही साठीच. डोळे आणि हात तोवर जातात. नियम मीच केलाय.” ते बोलता बोलता थांबले. “पगार घेणाऱ्या प्रत्येकाला लागू, असं लिहिलंय त्यात. मीच घातलं होतं ते, म्हणजे कोणी रदबदली घेऊन येऊ नये.”

“तुम्ही पगार घेता?”

“घेतो तर. मालक कुठे आहे मी.”

नातू त्यांच्याकडे बघत राहिला. “मग तुम्ही गेल्या वर्षीच निवृत्त झालात.”

“झालो असणार,” दादा म्हणाले. “मला कळवायची कोणाची छाती झाली नसेल.”

राग येईल म्हणून दादा वाट बघत होते. त्याऐवजी त्यांच्या लक्षात आलं की आपली पाठ, जी कित्येक वर्षं दुखत होती, ती आता भिंतीला टेकली आहे, आणि या कारखान्यात आपण कधी कुठे टेकून बसलो नव्हतो.

वर वहिनी आप्पांसाठी चहा ओतत होत्या. बाई आणि फोटोग्राफर दूरच्या खिडकीशी फोटो बघत होते. वहिनींनी कप आप्पांच्या हाती दिला. तो त्यांनी लगेच घेतला.

“आप्पा, एक विचारू?”

आप्पांनी मान वर केली. या सुनेने त्यांना आजवर औषध घेतलं का आणि साखर किती, याहून वेगळं काही विचारलं नव्हतं.

“नातवाला दिलंत. मुलाला नाही दिलं.”

“फोटोपुरतं होतं ते.”

“दोन्ही फोटोपुरतंच होतं.”

आप्पांनी चहा घेतला. वहिनी उभ्याच राहिल्या. आपल्याला इतका वेळ कोणासमोर असं उभं राहता येतं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

“तो पोरगा घड्याळ ठेवून घेणार नव्हता,” आप्पा शेवटी म्हणाले. “त्याला नकोच आहे. द्यायला काय जातं? पण याच्या हातात एकदा दिलं, तर...”

“तर काय?”

“तर उद्या सकाळी मी इथे कशाला येऊ?”

वहिनींनी बऱ्याच उत्तरांची तयारी ठेवली होती. म्हातारा हट्टी आहे, लोभी आहे, त्याला मुलाची किंमत नाही, हे सगळं त्या स्वतःशी अनेकदा बोलल्या होत्या. हे उत्तर त्यात नव्हतं. त्यांना एकदम खुर्चीवर बसावंसं वाटलं आणि त्या बसल्या.

“तुम्ही येता ते रोज माझ्या खोलीत, खिडकीशी बसता,” काच पुसता पुसता ताई म्हणाल्या. “तिथे बसायला मालक असावं लागत नाही.”

“तू मध्ये बोलू नकोस,” आप्पा म्हणाले, पण सवयीने. आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात बापलेक वर आले. दोघे बरोबर चालत होते, हे वहिनींनी आधी पाहिलं. दादा सरळ आप्पांच्या खुर्चीपुढे येऊन उभे राहिले.

“आप्पा, मला साठ पूर्ण होऊन वर्ष झालं.”

“मग?”

“मग नियमाप्रमाणे मी निवृत्त आहे. आजपासून येत नाही.”

“तो नियम कामगारांना आहे.”

“मी पगारदारच आहे. मालक तुम्ही.”

आप्पांनी कप खाली ठेवला. “काय पोरखेळ आहे? आज सही करायची ठरली होती ना? आण इकडे. करतो.”

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. जाहिरातवाल्या बाईंनीही ऐकलं आणि हे आपल्यासाठी नाही हे ओळखून पाठ फिरवली. जे ऐकण्यासाठी दादांनी सगळं आयुष्य काढलं होतं, ते वाक्य समोर येऊन पडलं होतं, आणि दादा त्याकडे, हे नेमकं कोणाचं, अशा नजरेने बघत होते.

“नको,” ते म्हणाले. “म्हणजे माझ्या नावावर नको.”

“रागावलास?”

दादांनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. “मघाशी रागावलो असतो. आता सापडत नाही.”

“निवृत्त होणाऱ्याला कंपनी घड्याळ देते,” आप्पा म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. “तेवढं तरी घेऊन जा.”

“नको. माझ्याकडे आहे.”

आप्पांनी नातवाकडे पाहिलं.

“मी नाही,” नातू म्हणाला. “उद्या मला रुग्णालयाची लिफ्ट आहे. तिथे लोक स्ट्रेचर घेऊन थांबलेले असतात.”

आप्पांची नजर फिरत वहिनींवर आली आणि तिथे थांबण्यात अर्थ नाही हे कळून परत फिरली.

“मग कंपनी बघणार कोण?”

“मी,” ताई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

“तू घड्याळं बघतेस.”

“कंपनी दुसरं काय करते?”

“व्यापारी असतात. बँका असतात. बाहेरचे लोक येतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. ते काय त्या पेटीत गरम-थंड करून समजतं?”

उत्तर दादांनी दिलं.

“मी तिला विचारूनच बोलत आलोय, आप्पा.”

“काय विचारून?”

“उद्या त्यांना काय सांगू, ते. संध्याकाळी चहाला बसायचो ना आम्ही, तिच्या खोलीत. ती सांगायची, मी दुसऱ्या दिवशी जाऊन तसं बोलायचो.”

हे कबूल करायची दादांना काही गरज नव्हती. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर परत डबीकडे वळवली. वहिनी मात्र खुर्चीत सावरून बसल्या. त्या चहाचा त्यांना फार जुना राग होता. रोज संध्याकाळी नवरा उशिरा घरी येई, का तर बहिणीकडे चहा घेत बसला होता. त्यापायी त्या ताईंशी वर्षानुवर्षं फक्त आल्यागेल्यापुरतं बोलत आल्या होत्या. तिथे बसून हे दोघे आपल्यामागे काय बोलतात, याची त्यांनी बरीच कल्पना केली होती. ते पोलादाच्या भावाबद्दल आणि पट्ट्यांच्या कातड्याबद्दल बोलत होते.

“ताईंना द्या, आप्पा,” वहिनी म्हणाल्या.

आपल्याला ऐकू आलं ते बरोबर आहे की नाही, अशा चेहऱ्याने ताईंनी भावजयीकडे पाहिलं.

“हे माझं एकटीचं मत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि मग लक्षात आलं की एकटीचंच आहे. “असलं तरी द्या.”

“आत्याच बरी,” नातू म्हणाला.

आप्पा खुर्चीत बसले होते आणि बाकी सगळे एका बाजूला होते. असं या घरात कधी झालं नव्हतं. नेहमी कोणी ना कोणी आप्पांच्या बाजूला असायचं. बहुतेक वेळा दादाच असायचे.

“बघू,” आप्पा म्हणाले.

“बघा,” ताई म्हणाल्या. “मी खाली जाते. टेबलावर कामं पडलीत.”

दाराशी जाहिरातवाल्या बाईंनी त्यांना गाठलं. “मॅडम, एक विचारायचं होतं. वाक्याचं काय करायचं मग? आजोबांकडून नातवाकडे, हे चालेल ना?”

“तो लिफ्टचं काम करतो.”

“ते फोटोत दिसत नाही.”

“मला दिसतं,” ताई म्हणाल्या. त्यांनी हातातली डबी बाईंच्या हातात दिली. “घड्याळाचा फोटो काढा. माणसं नकोत. झाल्यावर खाली आणून द्या, माझ्याच हातात.”

फोटोग्राफरला ते पटलं. खिडकीतला उजेड आता टेबलावर पसरला होता, आणि घड्याळाला काही सांगावं लागत नव्हतं.

दादा, वहिनी आणि नातू जिन्याने उतरले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम केला आणि गाडी बोलावू का, असं विचारलं. दादा नको म्हणाले. बाहेर ऐन दुपारचा रस्ता होता. माणसं जेवणाच्या सुट्टीत बाकांवर बसली होती, एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, फळांच्या दुकानाबाहेर पेट्या उतरत होत्या. या वेळी हा रस्ता असा दिसतो हे दादांना माहीत नव्हतं. त्यांनी नातवाला विचारलं की तो जेवतो कुठे, आणि तो म्हणाला, जिथे लिफ्ट असेल तिथे. मग वहिनींनी कोपऱ्यावरचं खाणावळीचं दार ढकललं आणि दोघांना आत घेतलं.

कारखान्यात आप्पा वरून खाली आले. रोज ते या वेळी ताईंच्या खोलीत जात. आज ते दादांच्या खोलीपाशी थांबले. दार उघडं होतं. आप्पा आत गेले आणि टेबलामागच्या खुर्चीत बसले. खुर्ची दादांच्या उंचीला बसवलेली होती, आप्पांचे पाय पुरते टेकले नाहीत. टेबल स्वच्छ होतं. एका बाजूला पेन, एका बाजूला फोन, आणि काचेखाली वहिनींचा तरुणपणीचा एक फोटो, जो आप्पांनी यापूर्वी पाहिला नव्हता. या खोलीत ते नेहमी उभ्या उभ्या येत, काहीतरी सांगत आणि जात. मुलगा रोज काय बघत बसायचा, हे त्यांना या बाजूने कधी दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने फोन वाजला. बाहेर कोणी उचलत नाही असं पाहून आप्पांनी उचलला.

“साहेब आहेत का?” पलीकडे एक व्यापारी होता. मागे दुकानातला आवाज येत होता.

“कोणते?”

“छोटे.”

“ते नाहीत.”

“कधी येतील?”

“यायचे नाहीत आता.”

“बरं,” व्यापारी जरा घुटमळला. “मग मोठे साहेब आहेत का?”

आप्पांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, आणि ते ओठावर आलंही. समोरच्या भिंतीपलीकडे तपासणीची खोली होती. तिथून एकामागून एक लावलेल्या घड्याळांची टिकटिक येत होती, आणि मधूनच पेटीचं झाकण उघडल्या-मिटल्याचा आवाज.

“आहेत,” आप्पा म्हणाले. “धरून ठेवा.”

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, खुर्चीतून हळूहळू उठले आणि शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. ताई डोळ्याला भिंग लावून ओणवल्या होत्या.

“तुझा फोन आहे,” आप्पा म्हणाले.

“कोणाचा?”

“व्यापाऱ्याचा. मोठ्या साहेबांना विचारतोय.”

ताईंनी भिंग कपाळावर सरकवलं. त्या वडिलांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि उठल्या.

“काय सांगू त्यांना?”

“मला काय विचारतेस?” आप्पा म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.